रोटाच्या पिठाची जाहिरात

सुरतेच्या उधन्यातल्या एका सोसायटीच्या तोंडाशी सुकदेव बोरसे यांची पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या मागच्या खोलीत त्यांच्या सुनेची वेबसाइट. वेबसाइटला खोली लागत नाही हे धनश्रीला ठाऊक होते. परंतु ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, कळण्याच्या भाकरीचे पीठ आणि काळा मसाला यांची पाकिटे तिथे भरली जात, आणि मागणीची वाट पाहत ती संगणकासमोर बसे तेही तिथेच. त्यामुळे घरात त्या खोलीचेच नाव वेबसाइट पडले होते. सासूबाई, धुरपदाबाई, ओट्यावरून हाक मारत, “सूप वेबसाइटमा शे, लई ये व!”

रिंगरोडवरच्या साड्यांच्या पेढीतली हिशेबाची नोकरी सोडून धनश्रीने हा उद्योग सुरू केला होता. नवरा वाल्मिक पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होता. त्याने विरोध केला नाही. एवढेच म्हणाला की दिवाळीपर्यंत पाहू, जमले नाही तर पेढीवर परत जा, शेठनी जागा भरलेली नाही. बोलणे वाजवी होते, म्हणूनच ते तिला टोचत राहिले. पेढीवर तिला त्रास असा कोणताच नव्हता. मात्र तिथे संध्याकाळी उठताना आपण दिवसभर काय केले, हे तिला कधी सांगता आले नव्हते. इथे निदान पाकिटावर चिकटवलेल्या कागदावरचा मजकूर तरी तिचा होता.

मागणी मात्र येत नव्हती. नातेवाइकांनी एकेकदा मागवून आपले कर्तव्य पार पाडले होते. साऱ्या सुरतेला दिसतील अशा जाहिराती देऊन झाल्या, त्यांवर पुष्कळांनी अंगठे उमटवले आणि एकाने गुजरातीत विचारले, “फाफडा मळशे?”

जाहिरातींचे काम हर्षल पाहत असे. अडाजणला राहणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याचा हा मुलगा लहान दुकानदारांच्या वेबसाइटी लोकांपर्यंत पोहोचवण्याचा व्यवसाय करी. आषाढातल्या एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला.

“धनश्रीताई, आपण गल्लीत उभं राहून ओरडतोय, आमच्याकडे हे आहे, ते आहे. आता उलटं करू. लोक स्वतःहून काय शोधतात ते बघू. हे बघा. ‘कानबाई रोट’. शोधणाऱ्यांची रेघ वर्षभर सपाट, आणि श्रावण आला की डोंगर. दरवर्षी! काय असतं हे?”

“आमच्या खानदेशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवतात. नारळाला मुखवटा, नथ, साडी. सोमवारी नदीवर नेतात.”

“आणि रोट?”

“तिचा प्रसाद. गव्हाच्या पिठाचा.”

“पीठ!” हर्षलने चक्कीच्या दिशेने असे पाहिले, जणू ती त्याला आत्ताच दिसली. “ताई, एवढी माणसं शोधतायत आणि त्यांना दाखवायला कुणाकडे काहीच नाही. मैदान मोकळं आहे. नि तुम्ही मला फाफड्यात अडकवून ठेवलंय.”

धनश्री क्षणभर घुटमळली, पण का, ते तिचे तिलाच कळले नाही. तिच्या माहेरी, शिरपूरला, त्यांच्या कुळात कानबाई बसत नसे. शेजाऱ्यांकडे ती दर्शनाला जाई आणि कपाळाला कुंकू लावून रिकाम्या हाताने परत येई. प्रसाद का मिळत नाही, असे तिने कधी विचारले नव्हते. लग्नानंतरचे श्रावण पेढीवरच्या हंगामात गेले. रोट तिने नेहमी आयते, ताटात वाढलेलेच पाहिले होते. त्या आठवड्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नवापूरला गेल्या होत्या आणि सासरे चक्कीचे पाते बदलण्यात गुंतले होते. कुणाला विचारावे असे त्यात काही आहे, हे तिच्या मनातही आले नाही. तिने मजकूर लिहिला: ‘कानबाईच्या रोटाचे तयार पीठ. निवडलेला गहू, घरची चक्की, सोवळ्यात दळलेले. घरपोच.’

आणि मग मागण्या आल्या. आधी वापीहून, मग पुण्याहून, जामनगरहून, भोपाळहून. ज्यांना ती ओळखत नव्हती अशा माणसांनी तिच्या पानावर येऊन, वाचून, बटण दाबले होते. पहिल्या दिवशी तिने प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी वाल्मिकने स्वतःहून विचारले, “आज कुठून?” दिवाळीचा विषय त्याने काढला नाही.

धुरपदाबाई नवापूरहून परतल्या त्याच दिवशी सुपडू आबा चक्कीवर आले. सुकदेवांचे हे चुलतभाऊ. गल्लीतल्या भाऊबंदांत वयाने वडील, आणि बोलण्याला धार. त्यांच्या हातातल्या फोनवर धनश्रीचेच पान उघडलेले होते.

“काय सूनबाई, पीठच धाडी राहिनी का कानबाई बी कुरियरमा टाकी दिनी?”

धनश्री डोक्यावर पदर घेत उभी राहिली. “आबा, पीठच आहे ते.”

“पीठ!” आबा सुकदेवांकडे वळले. “सुकदेव, रोटाच्या दळणाला तुझी चक्की धुवून-पुसून ठेवतोस. एका घरचं दळण झालं की दुसऱ्याचं. एकाचा दाणा दुसऱ्यात जात नाही. म्हणून सगळी गल्ली तुझ्याकडे येते. आता कोणाचं पीठ कोणाच्या पाकिटात जाईल, मी काय समजू? यंदा आमचं दळण दुसरीकडे. बाकीचे काय करायचं ते करतील, पण मी त्यांना सांगणार.”

“आबा, चहा तरी घ्या,” धनश्री म्हणाली.

“त्याचं बी पाकीट करी ठेव,” असे म्हणून आबा निघाले.

चक्कीवर सुकदेवांच्या बापापासून कधी कुणी असा संशय घेतला नव्हता. फडके घेऊन ते आधीच स्वच्छ असलेला गाळा पुसत राहिले. ते पाहणे धनश्रीला आबांच्या बोलण्यापेक्षा जड गेले.

तिने हर्षलला फोन लावला. तो हादरलाच. “पान काढू नका हं! शोधणाऱ्यांना हे एकच पान सगळ्यात वर दिसतंय. आज काढलं तर पुन्हा चढायला पुढचा श्रावण लागेल. नाव बदला ना. ‘सणाचं पीठ’ म्हणा. कुणाला काय कळतंय?”

ती नाव बदलायला बसली. ‘कानबाईच्या’ हा शब्द खोडला. मग खालच्या मागण्यांवर नजर गेली. त्या माणसांनी सणाचे पीठ शोधले नव्हते. त्यांना नेमके काय हवे होते ते तिला ठाऊक होते, आणि आपण ते देतो आहोत असे त्यांना वाटणार होते. तिने हात मागे घेतला आणि आत जाऊन सासूबाईंसमोर बसली.

“आई, माझं नेमकं काय चुकलं? मला खरंच कळलेलं नाही.”

धुरपदाबाई प्रवासाच्या पिशवीतून बाळाची अंगडी काढत होत्या. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. तिला हे ठाऊक नाही, याचेच त्यांना आश्चर्य वाटत होते.

“अव माय, रोटाचा गहू मापानं नसतो घेत. घरात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं मुठी घ्यायच्या. लेकरू पाळण्यात असलं तरी त्याची मूठ. ते पीठ म्हणजे आपलीच मोजदाद. म्हणून रोट परक्याला देत नाहीत, भाऊबंदातच संपवतात. आता तू कोणाच्या मुठी त्या पाकिटात घातल्या?”

“कुणाच्याच नाही. पोत्यातला गहू.”

“मग ते लोक आपल्या घरात बिनमोजणीचं पीठ खातील, नि म्हणतील रोट खाल्ला.” त्यांनी अंगड्याची घडी केली. “त्यांना नाही का ठाऊक?”

पाकिटे अजून भरायची होती; पैसे परत करता येण्यासारखे होते. धनश्रीने जामनगरचा नंबर लावला, तो गायत्री नावाच्या बाईचा. माफी मागून ती म्हणाली, पीठ पाठवता येणार नाही, मी चुकीची जाहिरात केली.

पलीकडून आवाज आला, “असं नका करू हो. रविवार जवळ आला. मी कुठून आणू आता?”

“गावी कुणी नाही का?”

“गावच्या घराला कुलूप आहे. सासूबाईंनी कानबाईचं नारळ माझ्या ओटीत घातलं आणि दिराकडे लंडनला गेल्या. मला सांगितलं काहीच नाही. इथे कंपनीच्या कॉलनीत आमचं एकच घर. विचारू कुणाला? रोट कसा करतात तेच मी शोधत होते, त्यात तुमचं पान लागलं. म्हटलं, चला, पीठच तयार मिळतंय.”

धुरपदाबाईंनी हात पुढे केला. धनश्रीने फोन त्यांच्या हाती दिला.

“माय, घरात माणसं किती?”

“आम्ही दोघं आणि मुलगा. सासूबाई लंडनला.”

“सासूची बी मूठ घे. गेली असली तरी घरातलीच ना. तुझ्याच मुठीनं घे, गहू कुठल्या बी दुकानातला चालतो. दळायचं कुठं?”

“शेजारी गुजराती बेन आहेत, त्यांच्याकडे घरघंटी आहे.”

“मग झालं! पुसून घे नि पहिलं तुझं दळ. बेनला रोट नको देऊ, बरं का.”

“अय्या! घंटी त्यांची आणि रोट द्यायचा नाही? काय म्हणतील त्या?”

“तिला खीर दे वाटीभर. खीर चालते.” धुरपदाबाई हसल्या. “आमच्या चक्कीवर बी असंच. मी सगळ्या गल्लीचं दळते, भाऊबंद सोडून कोणाचा रोट माझ्या तोंडात पडत नाही.”

बोलणे बरेच लांबले. नारळाला नथ कुठे अडकवायची, कणकेचे दिवे किती, उरलेल्या रोटांचे काय करायचे, हे गायत्री विचारत गेली आणि धुरपदाबाई सांगत गेल्या. फोन ठेवून त्यांनी विचारले, “आणखी कोण शे?”

ती दुपार आणि दुसरा सारा दिवस त्या दोघी खोलीत बसून नंबर लावत राहिल्या. धनश्री माफी मागे आणि फोन पुढे करी. सगळेच गायत्रीसारखे निघाले नाहीत. पुण्याच्या एका गृहस्थाने ऐकून घेण्यास साफ नकार दिला, “जमत नाही तर दुकान कशाला मांडता?” असे विचारले आणि संध्याकाळी वेबसाइटखाली एक तारा देऊन तेच लिहून ठेवले. भोपाळच्या बाईंनी पैसे परत घेतले आणि फोन ठेवला. मात्र बऱ्याच जणांच्या शंका एकसारख्याच होत्या आणि त्या विचारायला त्यांच्या आसपास कुणीही नव्हते, हे त्या दोन दिवसांत धनश्रीच्या ध्यानात आले.

हर्षलला तिने हे सांगितले तेव्हा तो ताडकन म्हणाला, “ताई, हेच तर सोनं आहे! सासूबाईंचे व्हिडिओ करू. आजी सांगतायत रोटाची रीत. खाली बटण, मसाला मागवा, बिबडे मागवा.”

“आई, चालेल?”

धुरपदाबाईंनी विचार केला. “सांगायला काय, सांगेन की. पण तिथं विकायचं काही नाही. कानबाईच्या खाली मसाल्याचं दुकान नको.”

“मग त्या पानाचा फायदा काय, आजी?” हर्षलने विचारले.

“तुझा फायदा मी काय करू भाऊ? तू चहा पी.”

धनश्रीने पीठ काढून टाकले आणि त्याच पानावर सासूबाईंनी सांगितलेली रीत लिहिली, आधी ‘प्रत्येक कुळाची रीत थोडी वेगळी असते, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे’ असे घालून. खाली बटण ठेवले नाही. पान वरच राहिले. किंबहुना आणखी वर गेले. तिथे येणाऱ्यांची रेघ चढत होती आणि मागण्यांची रेघ जमिनीला टेकलेली होती. हर्षलने दोन्ही रेघा एकाच चौकटीत दाखवल्या. त्या महिन्याचे बिल मात्र त्याने निम्मेच लावले.

शनिवारी चक्की धुतली गेली. गल्लीतली बहुतेक घरे आपापले गहू घेऊन आली. सुपडू आबांचे घर आले नाही, आणि त्यांच्या शब्दाखातर आणखी एक-दोन घरे आली नाहीत. सुकदेवांनी दोनदा रस्त्याकडे पाहिले, मग पट्टा उतरवून चक्की बंद केली. त्याआधी धनश्रीने यंदा घरच्या मुठी घेताना पाहिल्या होत्या. तिच्या नावाची मूठ सासूबाईंनी जरा उदार हाताने घेतली असे तिला वाटले. पण ते तिचे वाटणेही असू शकले असते.

राखी झाल्यावर तिने वाल्मिकला सांगितले, “पेढीवर फोन कर. सोमवारपासून येते म्हणावं.”

तो म्हणाला, “दिवाळीला वेळ आहे अजून.”

“आहे. पण जे चाललं असतं ते मी काढलं. जे राहिलं ते चालायला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. पेढी सांभाळून चालवेन.”

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय,” ती म्हणाली, “पण पीठ काढल्याचं नाही.”

रविवारी दुपारी ती खोलीत बसली. पेढीवर फोन घेता येणार नव्हता, आणि वेबसाइटवर संपर्कासाठी तिचाच नंबर होता. तो खोडून तिने सासूबाईंचा घातला. धुरपदाबाई मागे उभ्या राहून पाहत होत्या.

“हाई काय करी राहिनी? माले इंग्रजी नही येस.”

“इंग्रजीत कुणी नाही विचारणार, आई.”

“नि बिबडे मागितले तर?”

“पत्ता विचारायचा. मी आल्यावर पाकीट भरेन.”

धुरपदाबाईंनी कमरेचा फोन काढला, त्याचा आवाज वाढवून घेतला, आणि वाळत घातलेले बिबडे उलटायला गच्चीवर गेल्या.