बारकीच्या आईचा पट्टा

मी कमरेला बांधायचा एक जुना पट्टा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पट्ट्याची कसली आली आहे जीवनकथा? खिळ्याला लटकायचं आणि बायकांचा घाम प्यायचा, झालं. पण माझ्या हातून काही गोष्टी घडल्या आहेत. त्या सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो मोठा निगुतीने काम करणारा होता. जाड कापडाचे तीन थर, मागे चार पोलादी पट्ट्या, पुढे तीन बकलं. शेवटचा टाका घातल्यावर त्याने मला थोपटलं आणि म्हणाला, "ताठ राहा रे बाबा." तेव्हा मी ताठच होतो, कारण तोवर मला कुणी बांधलं नव्हतं.

मला पहिल्यांदा बांधलं ते बारकीच्या आईने. दवाखान्यांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. धुण्याच्या मोठ्या यंत्राचं दार डावीकडे उघडायचं. ओल्या चादरींचा पिळा ओढून काढायचा, कमरेतून वळायचं आणि गाड्यावर टाकायचा. असं दिवसातून दोनशे वेळा. एक दिवस ती वळली आणि वळलेलीच राहिली. डॉक्टरांनी मला तिच्या कमरेला बांधलं आणि बजावलं, "फक्त सहा आठवडे हं. मग काढून ठेवा आणि या कागदावरचे व्यायाम करा."

"बरं," असं ती म्हणाली. तो कागद तिने कपाटात कपड्यांखाली अंथरला आणि मला नऊ वर्षं बांधलं.

ती तरी काय करणार? मी असलो की काम उरकत होतं. पोटाने आणि पाठीने जे करायचं ते मी करत होतो, त्यामुळे त्यांनी हळूहळू अंगच काढून घेतलं. एका सुट्टीच्या दिवशी मला न बांधता ती जमिनीवर बसली आणि तिला उठताच येईना. शेवटी तिने हात लांब करून मला ओढून घेतलं. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. आता ही माझ्यावाचून कुठे जात नाही, असं माझ्या मनात आलं. आज त्या आनंदाची मला भीती वाटते.

नऊ वर्षांत माझ्या चारही पोलादी पट्ट्या तिच्यासारख्या वाकल्या. ती डावीकडे कलून उभी राही, हनुवटी पुढे काढी आणि उजवा पाय ओढत चाले. टप्, आणि मग फर्र. ही सगळी चाल माझ्यात उतरली. कारखान्यात रीत अशी होती की जिचा दिवस जड, तिने त्या दिवशी तासभर मला मागून घ्यावं. मीही कुणाला नाही म्हटलं नाही. वर्षभरात घड्या घालणाऱ्या तिघी डावीकडे कलून उभ्या राहू लागल्या. दवाखान्यातून चादरी न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहिणी का हो?" तिघी हसल्या. तिघींच्या हनुवट्या पुढे आल्या होत्या.

पुढे बारकीच्या आईला ताप आला आणि दहा दिवसांत ती गेली. मी कारखान्यातच खिळ्याला होतो. इतर पट्टे लटकतात तसा मी लटकत नसे. माझ्यात तिच्या कमरेएवढी पोकळी तशीच उभी होती. बायका त्या खिळ्याजवळ डबे ठेवीनाशा झाल्या.

आईच्या जागी बारकी आली. अंगाने लहानखुरी म्हणून बारकी, पण कामाला वाघीण. तिसऱ्याच दिवशी तिची पाठ धरली. मुकादम बाईंनी मला खाली काढलं. "आईचा आहे गं. तुझाच हक्क." बारकीने मला बांधलं. तिसरं बक्कल लागलं आणि कानाजवळ कुणीतरी दमून सुस्कारा सोडला. बारकीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती मला बांधूनच घरी गेली. घर वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. घरात तिचे वडील एकटे असत. त्यांच्या डोळ्यांना आता नुसता उजेड कळायचा. जिन्यात टप् आणि फर्र वाजलं तसे ते खुर्चीतून अर्धवट उठले.

"आलीस का गं? आज उशीर केलास."

"बाबा, मी आहे. बारकी."

वडील खाली बसले. मग म्हणाले, "पावलं तिचीच होती."

काही महिने असेच गेले. कारखान्यात पाठीच्या रजा फार वाढल्या म्हणून मालकांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं आणि मागून फिरून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या एकाच बाईसारख्या उभ्या आहात. कोण ती?"

मुकादम बाईंनी बारकीच्या कमरेकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी होतो तिथे.

व्यायामाच्या बाईंनी मला सोडवलं, तशी बारकी डावीकडे कलंडली. बाई म्हणाल्या, "अगं, असा पट्टा तुझ्या पोटातही आहे. तो झोपलाय, त्याला उठवायचं." बारकी उताणी झोपली, गुडघे वाकवले, श्वास सोडत पोट अलगद आत घेतलं आणि एक पाऊल वीतभर उचललं. एवढ्यानेच तिच्या नाकी नऊ आले. मग रोज तेच. पिळा उचलताना कमरेतून न वळता पावलं फिरवायची, गुडघ्यांतून वाकायचं, पिळा पोटाशी धरायचा. तीन महिन्यांत ती माझ्याशिवाय कामाची पाळी पूर्ण करू लागली. मी खिळ्यावरून पाहत होतो आणि जळत होतो.

पण एके दिवशी तिने मला पिशवीत घालून घरी नेलं. वडिलांनी लाजत लाजत मागणं केलं होतं, "बारके, कामावर नको बांधूस. पण जिन्यात तरी बांधशील? तेवढंच मला..." लेकीला नाही म्हणवलं नाही.

मग रोज संध्याकाळी जिन्याच्या तळाशी ती मला बांधू लागली. बावीस पायऱ्या माझ्या. मी तेवढ्यात साधून घेतलं. दिवसभर सरळ झालेली पाठ मी पाचव्या पायरीला कलती करत असे, दहाव्या पायरीला पाय ओढायला लावत असे. वर वडील खुशीत असत. त्यांनी केस विंचरलेले असत, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असे. ते दिवसभराचं सगळं सांगत बसत, आणि बारकी "हं, हं" करी. आधी आत गेल्यावर ती मला काढत असे. पुढे पुढे जेवण होईपर्यंत काढेना. तिची पाठ पुन्हा दुखू लागली.

एका संध्याकाळी ती वर आली. वडिलांनी हात धरून तिला शेजारी बसवलं. काळजीने त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"दिवे लागले तरी बारकी आली नाही गं अजून. जरा जिन्यात बघतेस का?"

बारकी त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मित्रांनो, तो मीच दाबून धरला होता. तिसऱ्या बकलापाशी मी इतका आवळलो होतो की तिला श्वास घेता येईना. तिने दोन्ही हातांनी मला ओढलं. मी सुटत नव्हतो. मग ती थांबली. श्वास सोडला, पोट आत घेतलं, बाईंनी शिकवलं होतं तसं अगदी सावकाश. माझ्यात आणि तिच्यात बोटभर फट पडली. बक्कल निघालं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिळ्यावर होतो, म्हणून पुढचं पाहिलं नाही. पण बारकीने ते मुकादम बाईंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ती जिना चढली, दोन्ही पावलं सारखी टाकत. वडील आतून दचकून म्हणाले, "कोण आहे?"

"बाबा, बारकी."

वडिलांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. त्यांचा हात आधी तिच्या गळ्याशी गेला, मग वर सरकला. "एवढी उंच कधी झालीस गं?" असं म्हणून ते ढसाढसा रडले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. माझे टाके उसवा, पोलादी पट्ट्या भंगारात द्या. तुमच्या आईला, बहिणीला पट्टा लागलाच तर डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस बांधू द्या, आणि व्यायामाचा कागद कपाटात अंथरू देऊ नका. हे लवकर करा. आज सकाळी कामावर एक नवी मुलगी आली आहे. कंबर धरून ती माझ्याकडेच बघते आहे. तिला कुणीतरी अडवा. मी अडवणार नाही.