विषय क्रमांक सात

आप्पासो हवालदारांचा आवाज हा साऱ्या कारखान्याच्या मालकीचा होता. साखर कारखान्याची वार्षिक सभा म्हटली की कोरेगावकडच्या या म्हाताऱ्याची पुढच्या रांगेतली खुर्ची ठरलेली. सेक्रेटरीनं विषय वाचायचा, आप्पासोंनी फौजी आवाजात "मंजूर!" म्हणायचं आणि मागून चार हजार सभासदांनी तीच री ओढायची. चाळीस वर्षांत त्यांनी एकही विषय मागं फिरवला नव्हता.

यंदा मात्र सातवा विषय घशाखाली उतरत नव्हता. कारखाना तीस वर्षांसाठी सांगलीच्या एका खाजगी कंपनीला चालवायला द्यायचा. कंपनीचे मालक कोण, तर चेअरमन वीरधवल यांचे सख्खे मेहुणे. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडं?

"आवं आबा, तुमी पैल्यांदा नामंजूर म्हणा. तुमी म्हटलं की मागची बी म्हणत्यात," नात उत्कर्षा म्हणाली होती. शेतकी पदवी झालेली ही पोरगी. कारखान्याचा अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचणारी घरातली एकटीच. आठवडाभर आप्पासोंनी गोठ्यात तालीम केली. "नामंजूर!" म्हशीनं दोनदा दावं तोडलं.

सभेच्या दिवशी मंडपात बसल्यावर त्यांची नजर कारखान्याच्या धुराड्यावर गेली. एकेकाळी इथं नुसता कुसळांचा माळ होता. वीरधवलचे आजोबा लालासाहेब त्या माळावर सायकलवरून आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. "कारखाना काढायचा हाय. मालक तुमी. मंजूर हाय का?" शेअर घ्यायचा म्हणजे घरातलं किडूकमिडूक मोडायचं. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात नुकतेच फौजेतनं आलेले आप्पासो ओरडले, "मंजूर!" पहिली साखर निघाली तेव्हा लालासाहेबांनी ती गरम गरम त्यांच्या तळहातावर ठेवली होती. बायकोनं, हरणाबाईनं, त्यातली चिमूट देव्हाऱ्यात ठेवली आणि उरलेली गल्लीभर वाटली. काय दिवस होते! तसलं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही.

पुढं लालासाहेब गेले. कारखान्याचं इलेक्शन आणि आमदारकीचं इलेक्शन एकच होऊन बसलं. शेजारचा ज्योतिबा एका सभेत प्रश्न विचारायला उठला, तर त्याच्या उसाला शिमग्यापर्यंत कारखान्याची तोड आली नाही. तुरे येऊन ऊस उभ्या उभ्या वाळला. आप्पासोंचा ऊस मात्र दर वर्षी पहिल्या पाळीला. त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं? माणूस सरळ होता, पण ऊस वेळेवर तुटला की सरळ माणसालाही झोप गाढ लागते.

सेक्रेटरीनं सुरुवात केली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे."

"मंजूर!"

"विषय क्रमांक दोन..."

"मंजूर!"

तीन, चार, पाच, सहा. कवायतीत पाऊल पडावं तसा शब्द पडत होता. सेक्रेटरीनं श्वासही न घेता त्याच चालीत सातवा, शेवटचा विषय वाचून टाकला.

"मंजूर!"

शब्द बाहेर पडला आणि मग आप्पासोंच्या ध्यानात आलं, हाच तो सातवा. मागून चार हजार गळ्यांनी री ओढलीच. "न्हाई, न्हाई! थांबा!" म्हणत ते धडपडत उठले, आणि तेवढ्यात कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. पाय आपोआप जुळले. हात मांड्यांना चिकटले. हवालदार ताठ उभे राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. गीत संपलं, सभाही संपली.

वीरधवल खाली उतरून पाया पडले. "आप्पासो, तुमच्यामुळं सगळं शांततेत झालं. औंदा बी तुमचा ऊस पैल्या पाळीला."

फाटकाशी उत्कर्षा स्कूटी घेऊन थांबली होती. कर्ण्याचा आवाज तिथवर येत होता, त्यामुळं तिनं नुसती स्कूटी चालू केली. आप्पासो मागं बसले. गावाजवळ ज्योतिबाचं रान आलं तसे ते म्हणाले, "गाडी थांबीव. ज्योतिबाला भेटायचं हाय."

"आता? कशाला?"

"त्या साली त्यो बी असाच 'थांबा, थांबा' म्हणत हुता. मीच मंजूर म्हणून त्याचं बोलणं बुडीवलं."

एवढं बोलताना त्यांचा आवाज पुढं बसलेल्या नातीलाही जेमतेम ऐकू आला.