लाल चकतीचं टिकिट

आमच्या तात्यांचा कशावरच सहजासहजी विश्वास बसत नसे. पंचांगात पौर्णिमा छापलेली असली तरी ते अंगणात जाऊन चंद्राचा काठ नीट बघून येत. सुका बोंबील तर एकेक उचलून कानाशी धरीत आणि वाकवीत. ‘कट्’ असा आवाज आला तरच तो टोपलीत जाई. पावसाळ्याची बेगमी करायला दर वैशाखात ते वेगळ्या कोळीवाड्यात जात. एकाच कोळणीकडे दोनदा गेलं की ओळख होते आणि माणूस फसतो तो ओळखीतच, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणे, "नशीब माझं, लग्न एकदाच करायचं असतं."

तात्या माझे वडील. मुंबईच्या कोटातल्या एका विलायती पेढीत ते कारकून होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते मोत्यासारखं आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पेढीतल्या एका साहेबानं विलायतेला परतताना त्यांना चांदीच्या मुठीची छत्री दिली होती. "माझ्या अक्षराची किंमत साहेबानं ओळखली," असं तात्या सांगत. ऊन असो, सावली असो, छत्री काखेत असायचीच.

मी सांगते आहे ती गोष्ट अठराशे पंचाण्णव सालातली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मराठी चौथी झाली होती आणि मला मुलींच्या इंग्रजी शाळेत जायचं होतं. नुसतं जायचं होतं म्हणणं कमीच, मला त्याचा ध्यास लागला होता. रस्त्यावरच्या दुकानांच्या इंग्रजी पाट्या मला वाचता येत नसत आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. तात्या म्हणत, "दमू, पत्र लिहिता येतं, मोडी वाचता येते. पुरे झालं. पुढे शिकून तुझं भलं होतं असं म्हणतात खरं, पण ते सिद्ध कुणी केलंय?"

त्या दिवाळीत गिरगावाला टपालाच्या जुन्या टिकिटांचं वेड लागलं. शेजारच्या गुणवंतीमावशींनी बातमी आणली. घोडपदेवला म्हणे एका माणसाला जुन्या घराच्या आढ्यात एक लखोटा मिळाला. त्यावर कंपनी सरकारच्या वेळचं लाल चकतीचं टिकिट होतं. एका साहेबानं त्याचे हजार रुपये मोजले!

झालं. आमच्या वाडीतले सगळे पोटमाळे अंगणात आले. ज्यांनी आजोबांच्या श्राद्धाला कधी दर्भ आणला नव्हता, ते आजोबांची पत्रं शोधायला लागले. कुशाबा सुताराला तर दोन घरांच्या भिंती ठोकून बघायला बोलावलं होतं. आईनंही हळूच आमचा जुना पेटारा उघडला आणि तात्यांचा पारा चढला.

ते अंगणात येऊन गरजले, "हजार रुपये! अहो, हजारात घर येतं. कुणी बघितले ते हजार? ‘मी विकलं’ असं स्वतःच्या तोंडानं सांगणारा एक, फक्त एक माणूस मला दाखवा. मागाल ते देईन!"

 मी पुढे झाले.

"मला इंग्रजी शाळेत घालाल?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाडीकडे पाहिलं. वाडी त्यांच्याकडेच बघत होती. "घालीन," ते म्हणाले. "पण कलमवार ठरवू."

आणि त्यांनी खरोखरच ते लिहून काढलं, त्या मोत्यासारख्या अक्षरात. टिकिट जुन्या घरात सापडलेलं असावं. परक्या माणसाला रोख पैशाला विकलेलं असावं. विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, ऐकीव चालणार नाही. मुदत नाताळपर्यंत, कारण शाळेत नवीन मुली घेत त्या जानेवारीत. खाली त्यांनी सही केली आणि मलाही करायला लावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही.

पुढच्या रविवारी आई, मी आणि तात्या ट्रामनं भायखळ्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत घोडपदेवला. आईला मी मुद्दाम बरोबर घेतलं होतं, साक्षीला. गुणवंतीमावशींनी सांगितलेला माणूस म्हणजे गिरणीतला लहू. तो दारात बसून तपकीर ओढत होता.

"हजार?" लहू म्हणाला. "छ्या! पाचशे. आणि हितं नाय, माटुंग्याला. आमच्या खात्यातल्या रघूचा मेव्हणा हाय चंदू म्हणून, त्याच्या शेजारी. मी काय डोळ्यांनी बघितलं नाय, पण सांगणारा खोटं बोलणारा नाय."

तात्यांनी तिथंच खिशातून पेन्सिल काढून टिपलं : गिरगाव हजार, घोडपदेव पाचशे. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला रडू आलं. आईनं माझा हात दाबला.

मधले सगळे रविवार तात्यांच्या सर्दीनं खाल्ले. ती सर्दी खरी होती की नाही याबद्दल मला अजून शंका आहे. शेवटी डिसेंबर निम्मा सरला तेव्हा आईनं त्यांना सुंठीचा काढा दिला, तोही इतका कडक की दुसरा प्याला पिण्यापेक्षा माटुंगा परवडला.

दादरच्या पुढे रेकला, म्हणजे बैलाची छकडी, केला. माटुंग्याला तेव्हा वस्ती ती किती! चंदूचा फुलमळा लगेच सापडला. मोगऱ्याच्या वाफ्यात उभा राहून तो हसायला लागला.

"पाचशे कुठले हो! शंभर. आणि माझ्या शेजारी नव्हे, शीव कोळीवाड्यात. मंजुळा म्हणून कोळीण आहे, तिच्या घरात सापडलं. मी स्वतः पाहिलं नाही, पण सांगणारा खोटं बोलणारा नव्हे."

"हजाराचे पाचशे, पाचशेचे शंभर," तात्या रेकल्यात चढता चढता म्हणाले. "आणखी दोन मैल पुढे गेलो तर त्या बाईला आपल्यालाच पैसे द्यावे लागतील. परत फिरायचं?"

"नाही," मी म्हणाले.  कोळीवाड्यातही पुढचं गाव दाखवलं तर सगळं संपलं, हे मला कळत होतं. त्यापुढे विचारायला जागाच नव्हती आणि नाताळ दहा दिवसांवर होता.

मंजुळेचं घर खाडीच्या अंगाला होतं. दारात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि खाली सुक्यांचा ढीग पडला होता. पन्नाशीकडे झुकलेली, दणकट, कपाळभर कुंकू लावलेली मंजुळा मासळी निवडत बसली होती. तिचा नवरा शिवा ओट्यावर जाळं विणत होता.

मी धीर करून विचारलं, "मावशी, तुमच्या घरात जुनं टिकिट सापडलं होतं का हो? लाल चकतीचं?"

"व्हतं ना," मंजुळा वर न बघताच म्हणाली. "पाच वर्सं झाली. घर शाकारताना आढ्यात बांबूची नळी गावली. त्यात माज्या सासऱ्याचं पत्र. तो कराचीला गलबतावर व्हता ना, तवाचं. वरच्या कागदावर लाल चकती. मना वाटलं, कुंकूच लावलंय."

"आणि ते तुम्ही विकलंत?"

"इकलं. पावलीला."

पावली! हजार रुपयांचे चार आणे झाले होते. पण पावली रोख होती, आढं जुनं होतं आणि तोंड तिचं स्वतःचं होतं. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. आता तात्या काय म्हणतात म्हणून आम्ही दोघी वळलो.

तात्यांचं लक्षच नव्हतं. सवयीनं त्यांचा हात ढिगाकडे गेला होता. त्यांनी एक बोंबील उचलला, डोळे मिटले, तो कानाशी धरला आणि वाकवला. कट्.

मंजुळेचे हात थांबले. तिनं मान वर केली.

"अगो बाय माजे!" ती ओरडली. "अवो, ऐकताव काय? यो बगा कोन आलाय! कानात बोंबील घालनारा बाबा!"

शिवानं जाळं खाली ठेवलं आणि तोही हसायला लागला. "तोच तो! रमलेला अख्खा दिवस हितं, येकेक बोंबील ऐकत."

"कोण? मी?" तात्या म्हणाले.

"तूच! तूच घेतलंस ना माजं टिकिट!"

खाडीवरचा वारासुद्धा थांबला असेल त्या वेळी. तात्यांनी बोंबील हळूच ढिगावर ठेवला. "बाई, तुमची काहीतरी चूक होते आहे. मी वाण्याकडून जिरं घेताना दोनदा विचार करतो. मी टिकिट कशाला घेईन?"

"मना काय ठाव? माजी सासू जिती व्हती तवा. तिनं तुला पत्र वाचाया सांगितलं. वाचून झाल्यावर तूच बोललास, वरचा कागद दे, आमच्या सायबाला असली चित्रं आवडतात. सासू बोलली, ने फुकट. तू ऐकशील तर ना! बोललास, फुकट नको, उद्या म्हनशील चोरला. पावली ठेवलीस हातावर."

"ती पावली बोंबलांची असेल."

"बोंबलांचा दीड रुपया येगला. दोन घटका घासाघीस केलीस त्याच्यापायी. आन् पावलीसाठी पावती लिवलीस, तिच्यावर माजा अंगठा घेतलास. धुतला तरी चार दिस काळा व्हता अंगठा!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला मात्र अजून हसायचं धाडस होत नव्हतं. तात्या कपाळाला आठ्या घालून उभे होते आणि त्या आठ्यांतून काही बाहेर येईपर्यंत माझी शाळा लटकत होती.

मंजुळेला त्याची काय कल्पना? ती आत गेली आणि बांबूची नळी घेऊन आली. "पत्र हाय आमच्यापाशी. आता आलाच हाव तर पुना वाचा कोनीतरी. सासू गेल्यावर कोनी वाचलंच नाय."

तात्यांचा चष्मा घरी होता. म्हणून पत्र माझ्या हातात आलं. मोडी होती, कुणा मुनशीची, पिवळ्या पडलेल्या कागदावर. मी अडखळत सुरुवात केली आणि मग सुटले.

"‘नारळी पुनवेच्या आत येतो. होडीला तांबडा रंग देऊन ठेवा. शिवाला मी येईपर्यंत कोणी पोहायला शिकवू नये. तो माझा मान आहे. मी शिकवीन.’"

अर्धे केस पिकलेला शिवा ओट्यावर बसल्या बसल्या लाजला. बायकोकडे बघेना, जाळ्याकडे बघेना.

"मग आले का ते?" मी विचारलं.

"आला तर!" शिवा म्हणाला. "त्यानंच शिकवलं. पयल्याच दिवशी खाडीत फेकला मना!" आणि तो इतका मोकळा हसला की शेजारच्या दोन घरांतल्या बायका काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, बोंबलासकट. मग मला पत्रही पुन्हा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा मी अडखळले नाही. मी वाचत असताना तात्या माझ्याकडे बघत होते. चंद्राचा काठ बघताना बघत तसे, नीट, वेळ घेऊन.

परतताना मंजुळेनं टोपलीभर बोंबील दिले आणि एक पैसा घेतला नाही. तात्यांनी एकही बोंबील कानाशी धरला नाही.

पण माणूस शेवटपर्यंत तात्याच. घरी पाऊल टाकताच ते म्हणाले, "पावती लिहिली असेल तर ती तारेला असेल. नसेल, तर बाईची गफलत." कागद टोचायच्या तारेवर त्यांची वीस वर्षांची कागदपत्रं होती. ते एकेक कागद काढत बसले आणि मी एकेक श्वास मोजत बसले. बऱ्याच वेळानं त्यांचा हात थांबला.

एवढासा चिठोरा होता. ‘एक जुना लखोटा, लाल चकतीसह, रोख पावली देऊन घेतला.’ अक्षर मोत्यासारखं. खाली वैशाखातली तिथी आणि काळा अंगठा.

"अहो," आई म्हणाली, "हा वैशाख पाच वर्षांपूर्वीचा ना? तो लखोटा तुम्ही साहेबाला दिलात?"

"दिला. आठवलं आता. त्याला छंद होता टिकिटांचा. खूष झाला फार. हातात हात घेऊन हलवला माझा."

"आणि छत्री कधी दिली साहेबानं?"

तात्यांनी कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं. चांदीची मूठ दिव्यात चमकत होती.  मला त्यांची एकदम दया आली. जिंकत असतानासुद्धा दया येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"त्याच ज्येष्ठात," ते शेवटी म्हणाले. आणि मग, काय झालं कोण जाणे, ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "गाव फिरलो! दोन रविवार! आणि गोष्टीतला साहेबाचा दलाल मीच!" आई हसली, मी हसले आणि हसता हसता रडले. भिंतीपलीकडून गुणवंतीमावशींनी विचारलं, "सापडलं का हो टिकिट?" तात्या ओरडले, "सापडलं! पावलीला गेलं! सगळ्यांना सांगा!"

त्यांनी सांगितलं, पण उपयोग झाला नाही. आठ दिवसांत वाडीत बातमी पसरली, तात्यांना दोन हजार मिळाले. सांगणारा म्हणे खोटं बोलणारा नव्हता.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तात्या मला शाळेत पोचवायला आले. ऊन कोवळं होतं, तरी छत्री काखेत होतीच. फाटकाशी आल्यावर ते थांबले, पाटीवरची इंग्रजी अक्षरं त्यांनी एकदा वाचली, मग छत्री काढून माझ्या हातात दिली. ती माझ्या खांद्याएवढी उंच होती.

"अक्षरावर मिळाली असं मी पाच वर्षं सांगत आलो, दमू," ते म्हणाले. "आता तेवढं तू खरं करून दाखव."