पाकिटातल्या दोघी

मी एक फिल्म बोलतेय. सीटी स्कॅनची. मांडवी गावच्या भिकाजींच्या घरात कपाटावर पाकिटात ठेवलेली.

माझा जन्म मुंबईचा, शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतरचा. भिकाजींची बायको आनंदीबाई, तिला शौचातून रक्त जायचं. मुलगा विठू मुंबईत नोकरीला, त्याने तिला तपासायला नेलं. खालून नळीने औषधाचं पाणी चढवलं, तेव्हा बिचारी लाजेने अर्धी झाली. मग मशीन चाललं आणि फणस आडवा चिरावा तसे तिच्या पोटाचे काप माझ्यावर उमटले. एका कापात मोठ्या आतड्याला गाठ होती, सुपारीएवढी. "अजून आतड्यातच आहे, पसरलेली नाही. लगेच काढली तर बाई वाचेल," डॉक्टर म्हणाले. गाठ वेळेवर सापडली म्हणून मला केवढा अभिमान वाटला होता.

भिकाजी जुने खलाशी. कौल लावल्याशिवाय त्यांनी कधी होडी लोटली नव्हती.

"देवीला इचारल्याबिगर तुझ्या आयशीला सुरी लागाची नाय," त्यांनी विठूला सांगितलं.

"बाबा, डॉक्टर म्हणतात थांबू नका."

"डाक्टर काय देवीच्या वर हाय?"

मला पाकिटासकट ग्रामदेवीपुढे ठेवलं. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. शिमगा झाला की परत कौल लावायचं ठरलं. आनंदीबाईला तर हायसंच वाटलं, ती नळी तिला पुन्हा नको होती. मी पाकिटात जीव तोडून ओरडत होते, पण माझं ऐकतो कोण?

शिमग्यानंतर उजवी पाकळी पडली. भिकाजी स्वतः आनंदीबाईला घेऊन मुंबईला गेले. पुन्हा स्कॅन झाला आणि माझी धाकटी बहीण जन्मली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना उजेडाच्या काचेवर शेजारी लावलं. धाकटीवर यकृतभर गाठी होत्या. डॉक्टरांनी दिवा बंद केला.

"घरी न्या त्यांना," एवढंच ते म्हणाले.

गणपतीच्या आधीच आनंदीबाई गेली. विठू आता फारसा येत नाही.

दुपारी घर सुनं असलं की भिकाजी मला खिडकीशी धरतात. धाकटीला ते पाकिटातून काढत नाहीत. त्या सुपारीवर बोट ठेवून पुटपुटतात, "एवढीशीच होती गो." बोट फिरून फिरून माझा तो काप पुसट होत चाललाय.

भिकाजी, मला चुलीत घाला. माझ्यावरची आनंदीबाई अजून वाचण्यासारखी आहे, आणि ते आता मला सोसवत नाही.