सात पट्ट्यांची शाल

मी एक जुनी शाल आहे. सत्कारात खांद्यावर टाकतात ती चकचकीत नव्हे हं, मित्रांनो! माझं गाव नायजेरियातलं इसेयीन. योरुबा विणकरांचं गाव.

आमच्याकडे विणकर अरुंद मागावर चार-पाच बोटं रुंद, लांबच लांब पट्टी विणतो. ताणा अंगणभर पसरलेला, टोकाला दगडाचं ओझं. माझं सूत बायकांनी निळीत बुडवलं. अशा सात पट्ट्या शेजारी-शेजारी शिवल्या, तेव्हा मी झाले. या कामावर आमच्याकडे घरंच्या घरं जगली. मग परदेशी गिरण्यांचं स्वस्त कापड आलं. "मागाचे दिवस भरले," लोक म्हणाले. कसले डोंबलाचे भरले! लग्न निघालं की आजही अख्खं गणगोत एकाच विणीचे कपडे घालतं आणि माग खटखटत राहतात.

पद्माकरकाका लागोसला नोकरीला होते. त्यांनी मला सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि कपाटात ठेवलं. तिथे वर्षं गेली. २०१५च्या दिवाळीआधी त्यांच्या बायकोने, मेधाकाकूंनी, मला बाहेर ओढलं. त्यांच्या मैत्रीण, सिंगापुरातच हौगांगला राहणाऱ्या शैलाकाकू, शिवणाचं मशीन घेऊन आल्या होत्या.

"शैला, हिचे टेबलमॅट करून दे. नाहीतरी तुकडे जोडलेली गोधडीच आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोधडीचा मला राग नाही, पण ती मी नव्हे! मेधाकाकूंनी एक पट्टी उसवली आणि तिच्यावर कचाकच कात्री चालवली. खूप दुखलं, खोटं कशाला बोलू?

शैलाकाकूंनी मला उलटून पाहिलं आणि ओरडल्या, "अगं थांब! प्रत्येक पट्टीला दोन्हीकडे किनार आहे. कापलेल्या तुकड्याला दोन्हीकडे किनार असते का? एकेक पट्टी अख्खी विणलीय गं!"

मेधाकाकूंनी कात्री खाली ठेवली. "अगं बाई, काय करून बसले मी!"

शैलाकाकूंनी उरलेल्या सहा पट्ट्यांची शिवण पक्की केली. मी पट्टीभर अरुंद झाले, पण मोडले नाही. मित्रांनो, जुन्या कापडावर कात्री उचलण्याआधी ते एकदा उलटून बघत जा. आम्हाला ओरडता येत नाही, आणि शैलाकाकू दरवेळी शेजारी नसतात.

त्या दिवाळीत मेधाकाकू मला पांघरून एमआरटीमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्या. शेजारी बसलेल्या मराठी मंडळाच्या अरुणाताईंनी मला चिमटीत धरलं. "हे काय, तुकडे जोडलेत?"

"तुकडे नाहीत," मेधाकाकू ताठ बसून म्हणाल्या. "इसेयीनची आहे ती. आणि हात सोडा."