सिंहासनाचा कुरकुरणारा पाय

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातले एक जुने लाकडी स्टूल आहे आणि खरे सांगू? मी पार थकले आहे.

सुताराने मला दाराच्या उरलेल्या लाकडातून बनवले. "हत्ती बसवा याच्यावर!" तो ऐटीत म्हणाला. त्याने हे बोलायला नको होते.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. आई माझ्यावर चढून फळीवरचे डबे काढायची आणि "गुणाचं गं माझं ते!" म्हणायची. मग ती दोन्ही मुलींना घरीच इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवू लागली. नुसते वाचून यांच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून सगळे करून बघायचे! मी बुरूज झाले, जहाज झाले, न्यायाधीशाची खुर्ची झाले. राजांचा धडा आला आणि माझे सिंहासन झाले. थोरली एकदा बसली ती उठेचना. पाय आपटत हुकूम सोडायची. कर म्हणून तिने आजोबांचा चष्मासुद्धा जप्त केला! प्रत्येक हुकमाला माझा मागचा पाय कुरकुरायचा. अजून थोडे दिवस हे राज्य चालले असते, तर मी मोडलेच असते. पण सिंहासनाला विचारतो कोण?

शेवटी धाकटीने भोकाड पसरले. "ताई मला बसूच देत नाही!"

"मग आज पुढचा धडा," आई म्हणाली. "निवडणूक."

"मलाच निवडा," थोरली म्हणाली. "मला अनुभव आहे."

"तुझा अनुभव आम्हालाही आहे हो, महाराज," डोळे किलकिले करत आजोबा म्हणाले आणि त्यांनी धाकटीसाठी हात वर केला. आई कुणाच्याच बाजूने नव्हती. एकाविरुद्ध दोन मतांनी राज्य गेले.

धाकटी टुणकन माझ्यावर बसली. कुर्रर्र! ती दचकून उतरली, खाली वाकली आणि तिने माझा पाय हलवून पाहिला.

"पहिला कायदा. हे बरं होईपर्यंत यावर कुणीच बसायचं नाही. चढायचंही नाही."

"बरं बाई. मला तेवढा साखरेचा डबा काढू दे."

"आई! कायदा सगळ्यांना सारखा, तूच शिकवलंस ना?"

आजोबांना हसता हसता ठसका लागला. आई कमरेवर हात ठेवून फळीकडे बघत राहिली आणि मग मुकाट्याने हातोडी शोधायला गेली.

आज चहा बिनसाखरेचा झाला आणि मी कित्येक दिवसांनी भिंतीला टेकून नुसते उभे आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही भार उचलता उचलता कुणी कुरकुरत असेल, तर बसण्याआधी जरा वाकून बघत जा.