पाचशे पावलं

"वाजवा की रे! शोभेला आणलंय का तुम्हाला?" नवरदेवाचा मामा रेवणप्पा बोंबलला. निलंग्याहून आलेला गडी. उन्हानं तापलेला, त्यात दुपारपासून पोटात ढकललेली.

निजामोद्दीनमामूनं खिशातून परवान्याचा कागद काढला. मामू आमच्या बँडचा मास्तर, ट्रम्पेट वाजवायचा. मी नरसिंग, ढोलवाला.

"शेठ, हितून त्या चौकापर्यंत क्लासेस हायेत. शांतता क्षेत्र. पाचशे पावलं वाजवायचं न्हाई, ठाण्यातून लिहून दिलंय. मागच्या सीझनला आमचा बाजा महिनाभर जप्त होता."

"मंग नवरदेव काय मयतीला निघालाय?"

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. खिडकीखिडकीत डॉक्टर-इंजिनिअर शिजत होते आणि आम्ही फुंकलं की म्हणे ते कच्चे राहायचे. वाजवलं तर पोलीस, नाही वाजवलं तर वऱ्हाड. मार ठरलेला; मारणारा तेवढा आपण निवडायचा.

माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"मामू, नुसती नक्कल करू. फुंकायचं न्हाई, बोटं हालवायची. मी टिपरू हवेत मारतो. नाचणारे नाचतेत, कायदा बी खूष."

"तू एक दिवस मला मारून टाकशील बघ, खुदा कसम," मामू हसला. पण ट्रम्पेट ओठाला लावला.

काय सांगू! बारा माणसं झगमग ड्रेसात आणि आवाज शून्य. मी ढोलापासून वीतभर अंतर ठेवून दणादण. करवल्या हसून लोटपोट. क्लासमधली पोरंपोरी वह्या टाकून खिडकीत आली, टाळ्या पिटायला लागली. कोपऱ्यावरचा हवालदार आवाज मोजायचं यंत्र धरून उभा. आकडा हलेना म्हणून ते थोपटत होता. मी त्याला डोळा मारला.

पोरं आपल्यालाच हसतायत असं रेवणप्पाला वाटलं.

"आमच्या लग्नाची चेष्टा लावली का रे, भाडखावांनो?" म्हणत तो वळला आणि ट्रम्पेटच्या तोंडावर उघड्या पंजानं थाडकन हाणलं.

ओठाला लावलेल्या ट्रम्पेटला धक्का लावायचा नसतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळं पितळ मागं गेलं. आधी कट्‌ झालं, मग मामूची किंकाळी. पुढचे तीन दात ड्रेसच्या सोनेरी झालरीवर पडले. मी टिपरू रेवणप्पाच्या नडगीवर घातलं. त्याच्या पुतण्यांनी मला ढोलावर पाडलं आणि ढोलासकट तुडवलं. ढोल फुटला, माझी एक बरगडीही.

हवालदार धावत आला, यंत्र पुढं धरून. आकडा आता मर्यादेच्या वर होता.

"गोंगाट कोनी केला?"

मामूचं तोंड रक्तानं भरलेलं. त्यानं हात वर केला.

गुन्हा बँडवर लागला आणि बाजा पुन्हा जप्त झाला.

भूकंपाच्या वर्षी महिनोन्‌महिने लग्नं बंद होती, तेव्हाही मामूनं एक दिवस रियाज सोडला नव्हता. बाजा सुटून आल्यावर तो तासभर फुंकत बसला. नुसती थुंकी आणि हवा. शेवटी आबेदामामीनं येऊन त्याच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतला.

पुढच्या लग्नात धर्माबादहून बोलावलेला माणूस ट्रम्पेट वाजवत होता. मामू मागच्या रांगेत, हातात खुळखुळा. गाणं वरच्या सुराकडं चढायला लागलं तसे मामूचे गाल फुगले. खुळखुळा थांबला.

"मामू," मी हळूच म्हणालो.

"हौ," तो म्हणाला आणि पुन्हा खुळखुळा हलवायला लागला.